ढोलीसमोरची फांदी

आमच्या अकोल्याच्या घरात, बैठकीच्या भिंतीवर, एका घुबडाचा फोटो आहे. नवा माणूस आला की आधी दचकतो, मग जवळ जातो आणि बघत राहतो. फोटो चांगला आहे. आंब्याच्या जुन्या खोडातली ढोली, ढोलीच्या तोंडाशी बसलेलं पांढरं गव्हाणी घुबड, मधोमध कापलेल्या सफरचंदासारखा त्याचा चेहरा, त्यावर थेट पडलेलं सकाळचं ऊन, आणि मागच्या अंधारात तीन पिल्लांची तोंडं. डोळ्याला अडेल असं एकही पान मध्ये नाही. आंबा हिवाळ्यातही पानांनी गच्च असतो, मग ढोलीसमोर एवढी मोकळी जागा कुठून आली, हे इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नाही. ती जागा मी केली. तिथली फांदी मी तोडली, आणि आईनं तोडली असं सगळ्यांना वाटू दिलं. दर दिवाळीच्या आधी त्या फोटोची काच आई पुसते. स्टुलावर चढता येत नाही आता, तर मला खाली उतरवून द्यायला लावते, पण पुसते तीच.

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. बालपणाच्या आठवणी लिहायला बसलो तेव्हा हिवरखेडच्या आजोळाबद्दल लिहिलं, शाळेबद्दल लिहिलं, आणि अमरावतीची दोन वर्षं आली की वही मिटून ठेवली. आता ठेवायची नाही असं ठरवलं आहे.

बाबांची नोकरी सरकारी, बदलीची. अमरावतीला एका कॉलनीत दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायचो. खाली घरमालकीण राहायच्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले, मुलगा नोकरीला बाहेरगावी. सगळी गल्ली त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायची. त्यांच्या बैठकीत बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, आणि खाली टेबलावर दोन वर्तमानपत्रं, घडी न मोडलेली. कारण ती मोडायची वेळ ठरलेली होती. दुपारी जेवणं झाली की आई सुपात ज्वारी किंवा अंबाडीची भाजी घेऊन खाली जायची, ओट्यावर बसून निवडायची, आणि बाई तिला पेपर वाचून दाखवायच्या. आई चौथी शिकलेली. तिला अक्षरं लागायची, पण वाचताना दम लागायचा. बाई वाचायच्या, मध्येच थांबून विचारायच्या, “वहिनी, समजलं का?” आणि आई म्हणायची, “समजलं, पण पटलं नाही.” मग वाद. वरून मला दोघींचे आवाज ऐकू यायचे, आणि बहुतेक वेळा शेवट हसण्यात व्हायचा.

हे सोपं नव्हतं, हे मला मोठेपणी कळलं. आई शेतकरी घरातली. आम्ही राहायला गेलो तेव्हा पहिले काही महिने ती खाली गेली तरी पाणीसुद्धा घ्यायची नाही. आत्ताच पिऊन आले म्हणायची. बाईंना ते का, हे कळत नव्हतं असं नाही. त्या लगेच पुन्हा विचारायच्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या. कधीतरी आईनं पाणी घेतलं, मग चहा, आणि दुसऱ्या हिवाळ्यात एकदा कॉलेजातून आलो तर आई बाईंच्या चुलीपाशी बसून त्यांच्या हातची भाकर आणि ठेचा खात होती. मला पाहून म्हणाली, “हिवरखेडले बोलू नको.” बाई म्हणाल्या, “बोलू दे की. भाकरच आहे, लाच नाही घेतली तुमी.” आईला आयुष्यात मैत्रीण म्हणावी अशा बाई एकट्याच मिळाल्या. नात्यातल्या बायका पुष्कळ होत्या.

त्याच हिवाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, आणि घरात वास बदलले. डिंक तळल्याचा, खोबरं भाजल्याचा, मेथी दळल्याचा. आई सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे लाडू ताईच्या हातावर ठेवायची आणि समोर उभी राहून संपवायला लावायची. ताईची बाज मागच्या खोलीत, खिडकीशी लावली होती. खिडकीच्या बाहेर आवारातला आंबा. दोन-तीन दिवसांनी ताई म्हणाली, “आई, झाडात कोनी तरी घोरून राह्यलं.” आम्ही हसलो. मग आम्हालाही ऐकू आलं. दिवे लागले की आंब्याच्या खोडातून लांब, कोरडा, फुसफुसता आवाज यायचा, कुणी म्हातारं माणूस झोपेत श्वास ओढतं तसा. मी टॉर्च घेऊन गॅलरीत गेलो. ढोलीच्या तोंडाशी पानांच्या आड तीन पांढरे गोळे डुलत होते. पिल्लं भूक लागल्याचं सांगत होती.

आईनं त्याच संध्याकाळी ताईची बाज पुढच्या खोलीत आणली. बाळाची शिवून ठेवलेली झबली-दुपटी ऊन कलायच्या आत दोरीवरून निघू लागली. आणि आवारात कुणाचं नाव घ्यायचं नाही असा हुकूम निघाला. घुबडाच्या कानावर नाव गेलं की ते नाव घोकत बसतं, आणि ज्याचं नाव ते माणूस झुरतं, असं तिच्याकडे मानतात. त्यामुळे महिनाभर आमच्या घरात कुणाला नाव नव्हतं. बाबांना तसंही ती नावानं हाक मारत नव्हती. ताई ‘अवं पोरी’ झाली, मी ‘ए कॉलेजवाल्या’. मी गच्चीवर असलो की ती ताटावर पळी वाजवायची. एकदा वाजवली की मी, दोनदा वाजवली की बाबा. बाबा एकदा पळी ऐकून धावत आले तर जेवायला वेळ होता, दळण आणायचं होतं. म्हणाले, “तुह्यापेक्षा घुबड बरं.”

मी तेव्हा प्राणिशास्त्र घेऊन शिकत होतो, दुसऱ्या वर्षाला. वीस वर्षांच्या पोराला जेवढं कळतं त्याच्या दुप्पट बोलायची सवय होती. आईनं बाईंकडे विषय काढला की ढोली बुजवून टाकू, निदान समोरची फांदी तोडू. उजेड आत शिरला की घुबड आपोआप उठून जाईल, त्याला मारायला नको की हाकलायला नको. बाई काही बोलायच्या आत मीच सुरू झालो. एका रात्रीत उंदीर किती खातं, शेतकऱ्याचा मित्र कसा, अंधश्रद्धा कुठून येतात. आईनं निवडलेली ज्वारी एका बाजूला सारली आणि म्हणाली, “झालं तुहं? आता माह्यं ऐक. तुह्या बहिनीचे दिवस भरले हायेत. तिले काही झालं तं तुहं पुस्तक येईन का धावत?”

बाई म्हणाल्या, “वहिनी, मी यातलं काही मानत नाही, तुमाले ठाऊक आहे. पण ते घुबड तुमच्या मनाविरुद्ध झाडात ठेवणार नाही मी. तुमी सांगा.”

आई बराच वेळ ज्वारी पाखडत राहिली. मग म्हणाली, “राहू द्या. लेकरं हायेत त्यात. उडून गेले का मंग बुजवू. मी हात नाही लावत.” तिनं शब्द दिला, आणि मी जिंकलो असं मला वाटलं. ज्या दोन बायकांनी तो निर्णय घेतला त्यांच्याकडे माझं लक्षच नव्हतं. माझ्या डोक्यात फोटो होता.

आमच्या विभागात एक चांगला कॅमेरा होता, लांब भिंगाचा, आणि तो सरांच्या कपाटात कुलपात असायचा. मी पंधरा दिवस सरांच्या मागं लागलो. त्यांनी शेवटी एका आठवड्यासाठी दिला, सोबत छत्तीस फोटोंचा एक रोल, आणि एक नियम. घरट्याचा फोटो घेताना आड येणारी फांदी तोडायची नाही. सुतळीनं बाजूला बांधायची, काम झालं की सोडायची, जशी होती तशी. “ती फांदी तुमच्या फोटोच्या आड येते,” सर म्हणाले, “पण तिच्या आड ते पक्षी राहतात.” मी वहीत लिहून घेतलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही.

गॅलरीत दोन बांबू उभे करून मी जुनी चादर लावली, तिला भिंगापुरतं भोक पाडलं आणि आत स्टूल टाकलं. ढोली गॅलरीच्या उंचीला, सहा-सात हातांवर. थंडीत सकाळी ऊन आलं की मोठं घुबड तोंडाशी येऊन डोळे मिटून बसायचं, पिल्लं मागं. तेवढी वीस मिनिटं. पण फांदी बरोबर त्याच्या तोंडावरून जायची. मी कठड्यावरून वाकून ती सुतळीनं ओढून बांधायचो, आणि बांधताना झाड हललं की घुबड आत. ते परत बाहेर येईपर्यंत ऊन सरकलेलं. पाच दिवस हेच. आई तिकडं फिरकायची नाही, दाराच्या आतून चहाचा कप सरकवायची. “बसलं का तुहं गिऱ्हाईक?” “आत गेलं.” “तुह्यासारखंच हाये, कामाच्या वक्ती गायब.” छत्तीसपैकी तीस फोटो गेले, आणि त्यातल्या एकातही चेहरा पूर्ण मिळाला नसणार हे मला कळत होतं. मी जिद्दीला पेटलो होतो. अजूनही कुणी माझ्या जिद्दीचं कौतुक केलं की मला कसंतरी होतं.

सोमवारी कॅमेरा परत द्यायचा होता. शनिवारी दुपारी बाई एका लग्नासाठी भातकुलीला गेल्या, दोन दिवसांसाठी. बाबा कामावर. आई ताईच्या पायांना तेल लावता लावता तिथंच आडवी झाली होती. मी बाबांच्या पेटीतली छोटी करवत काढली. मनात हिशोब साधा होता. आत्ता एकदाच फांदी गेली, की उद्या सकाळी बांधायला नको, झाड हलणार नाही, घुबड आत जाणार नाही. आणि हे मी आईकडूनच उचललं होतं. फांदी तोडली की उजेड आत शिरेल, हे तिचंच वाक्य. पाच मिनिटं लागली. कापल्या जागी चीक आला, तो मी मातीनं पुसला. फांदी मागच्या मोकळ्या प्लॉटवर फेकली, तिथं बकऱ्या होत्या. गॅलरीतला भुसा झाडला. एवढं सगळं मी शांतपणे केलं, आणि भुसा झाडताना मला समजत होतं की झाडून टाकण्यासारखं काहीतरी मी केलं आहे.

रविवारी सकाळी तो फोटो मिळाला. सहापैकी चौथा.

सोमवारी मी कॅमेरा परत देऊन, रोल स्टुडिओत टाकायच्या आधीच घरी आलो, तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच कावळे ऐकू आले. आवारात बाई नुकत्याच भातकुलीहून आलेल्या, पिशवी अजून खांद्याला. झाडाखाली दोन पिल्लं पडली होती. एक मेलेलं. दुसऱ्यावर बाईंनी टोपली पालथी घातली होती, आणि टोपलीखालून तोच लांब, कोरडा श्वास येत होता. तासाभरानं तो थांबला. तिसरं पिल्लू आम्हाला सापडलं नाही. मोठं घुबड पुन्हा आलं नाही. कावळ्यांना ढोलीचं तोंड दिवसाउजेडी उघडं मिळालं होतं, एवढंच झालं होतं.

बाईंनी वर पाहिलं. कापलेली जागा पांढरीफटक दिसत होती. “ही फांदी कोणी तोडली?”

बाबा जिन्यात उभे होते. त्यांनी झाडाखाली आलेल्या आईकडं पाहिलं. “तूच म्हणत होती ना फांदी तोडा म्हणून?”

“मी नाही तोडली,” आई म्हणाली.

“मंग काय आपोआप तुटली?”

आई मेलेल्या पिल्लाकडं बघत होती, बघतच राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं आहे. तिनं पाहिलं नाही. तिच्या मनात माझा संशयच नव्हता. माझा हात खिशात होता आणि हातात रोल होता.

बाईंनी आवाज चढवला नाही. “वहिनी, मले सांगून केलं असतं, तर एवढं वाईट नसतं वाटलं,” एवढंच म्हणाल्या आणि पिशवी घेऊन आत गेल्या. आई वर आली आणि ताईसाठी खीर ढवळायला बसली. चौथ्या दिवशी ताईला मुलगी झाली, ठणठणीत. बारशाला बाई आल्या, बाळाच्या हातात अंगठी ठेवली, चहा न घेता गेल्या. आई सूप घेऊन खाली गेली नाही. दुपारी मी वर अभ्यासाला बसलो की खालून बाईंच्या पेपरची पानं उलटल्याचा आवाज यायचा, वाचल्याचा नाही. उन्हाळ्यात बाबांची बदली अकोल्याला झाली. टेम्पो भरला तेव्हा दोघींनी एकमेकींना नमस्कार केला, बाया पाहुणीला करतात तसा.

फोटोला कॉलेजच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. सरांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “बांधली होती ना?” मी हो म्हणालो. पुढं त्याच फोटोच्या जोरावर मला लोक ओळखू लागले. आज मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, मुलांना पक्षी दाखवायला नेतो, आणि घरट्याजवळ कसं वागावं हा माझा दर वर्षीचा तास असतो. तो तास मी फार चांगला घेतो.

घरात मात्र गोष्ट तयार झाली होती, आणि गोष्ट अशी की मामानं फोटो काढला आणि आजीनं घुबडाचं घर मोडलं. तीच मुलगी, ताईची मुक्ता, ही गोष्ट ऐकत मोठी झाली. गेल्या हिवाळ्यात ती नवऱ्याला घेऊन आमच्याकडं आली. जावईबापू फोटोसमोर उभे राहिले, आणि मुक्तानं सगळं सांगितलं, हसत हसत, रंगवून. शेवटी आजीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, “ही पहा आमच्या गोष्टीतली खलनायिका. माझ्यासाठी तीन जीव घेतले हिनं.” सगळे हसले. आईही हसली, आणि जावयाच्या ताटात पाटोडी वाढली. वाढताना रस्सा ताटाबाहेर सांडला, तो तिनं पदरानं टिपला. आई कधीच पदरानं काही टिपत नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. ती लसूण सोलत होती. मी पाट घेऊन समोर बसलो आणि सांगितलं. शनिवार, करवत, बकऱ्या, भुसा, सगळं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. आईचे हात थांबले नाहीत. संपल्यावर तिनं विचारलं, “बाईले सांगतलं?”

“नाही.”

“मंग मले काहून सांगून राह्यला? मले तं ठाऊकच हाये का मी नाही तोडली.”

ती लसणाची टरफलं गोळा करत म्हणाली, “रविवारी चाल अमरावतीले. मी येते संग.” त्या चार दिवसांत तिनं माझ्याशी दळण आणि भाजी सोडून एक शब्द काढला नाही. मुक्ताला आणि ताईला मी फोन करून सांगतो म्हणालो, तर म्हणाली, “आधी बाई.”

अकोल्याहून निघालो, मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, आई खिडकीतून बाहेर बघत बसली होती. घर तसंच आहे, रंग बदललाय. आंबा नाही, तिथं बाईंच्या सुनेची स्कूटर उभी होती. बाई आता ऐंशीच्या पुढं, काठी घेऊन चालतात, पण ओट्यावर पेपर होता. आईला त्यांनी लगेच ओळखलं. दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या.

मी म्हणालो, “बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“मोठ्यानं बोल. यंत्र कानात शिटी मारते, काढून ठेवलं मी.”

“ती फांदी मी तोडली होती.”

“काय तोडलं?”

“फांदी. आंब्याची. घुबडाच्या ढोलीसमोरची. आईनं नव्हती तोडली.”

“असा पुटपुटू नको. उभा राह्य आणि सांग.”

मी उभा राहिलो. पन्नाशीला आलेला माणूस, ओट्यावर, हात बाजूला. सगळं पहिल्यापासून सांगितलं, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. समोरच्या घरातले गृहस्थ झाडांना पाणी घालता घालता थांबले. सून दारात आली. मी थांबलो नाही. बाई माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या आईकडं बघत होत्या.

“वहिनी, मंग तुमी बोलल्या काहून नाही?”

“बोलली होती. एकदा बोलली होती.”

“एकदा. मी शाळेत पोराइले तीनदा विचारत होती. तुमाले एकदाच विचारलं मी.” बाई खाली बघत म्हणाल्या.

सून आत जाऊन ताटलीत संत्री घेऊन आली. सवयीनं मी म्हणालो, “आईला नको, तिला संत्र्यानं पित्त होतं.” आमच्या घरी हे सगळ्यांना ठाऊक आहे. संत्र्यांच्या दिवसांत आम्ही तिच्यासाठी वेगळी केळी आणतो.

“पित्त नाही होत मले,” आई म्हणाली.

मग ती बोलली, बाईंच्या कानाशी वाकून, पण मला ऐकू येईल असं. “पोरीचे दिवस भरले होते. तुमाले शब्द देला होता, झाडाले हात नाही लावला. पण देवीले म्हतलं होतं मी. म्हतलं, माय, हे घुबड माह्या पोरीच्या उशाजवळून जाऊ दे, तुही ओटी भरीन. जाऊ दे म्हतलं होतं, बाई. मरू दे नाही म्हतलं. अन् सोमवारी पाहते तं ते लेकरं खाली पडले होते. मले वाटलं, माह्याच तोंडून गेलं हे. फांदी कोन्या तरी माणसानं तोडली असन, पण त्याचा हात देवीनं धरला, माह्या सांगण्यावरून. मंग मी कोन्या तोंडानं म्हणू का मी नाही केलं? तुमच्यासमोर बसून कशी पेपर ऐकू? ओटी नाही भरली मी. त्या लेकराइच्या जिवाची ओटी कशी भरायची? संत्रं आवडत होतं मले लय. ते सोडलं.”

सव्वीस वर्षं. मी फांदीबद्दल बोलायला आलो होतो. आई इतकी वर्षं फांदीचा आळ सोसत होती असं मी समजत होतो, आणि तेवढंच ओझं मोजून मी ते उतरवायला निघालो होतो. ती दुसरंच काही वाहत होती, आणि माझ्या एका वाक्यानं ते त्याच दिवशी, झाडाखाली, उतरलं असतं.

काठीचं टोक बाईंनी माझ्याकडं केलं. “देवीचा हात नव्हता, वहिनी. याचा होता.”

“हो,” आई म्हणाली. “आता समजलं.”

“पटलं का?”

आईनं माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी आवारात जे पाहणं मी मागत होतो, ते हे. त्यात माफी नव्हती, आणि मी ती मागितली नाही. “पटलं,” ती म्हणाली.

मी ताटलीतलं एक संत्रं घेतलं आणि सोलू लागलो. सालं खाली पडत राहिली. एक फोड वेगळी करून तिच्यावरच्या पांढऱ्या शिरा काढत बसलो, तर आई म्हणाली, “राहू दे ते. दे इकडं.” तिनं फोड तोंडात घातली. आम्ही तिघंही, मी, बाई आणि दारातली सून, तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिनं डोळे बारीक केले, बी काढून हातावर घेतली.

“आंबट हाये,” ती म्हणाली, आणि दुसरा हात माझ्यापुढं केला.